कुंभारणीचं घर

मला उन्हाळा सोसत नाही असं म्हटलं की लोक लगेच कोकम सरबताचं प्रमाण सांगायला लागतात. घामाशी माझं काही भांडण नाही. ठाण्यात जन्म गेला, घाम हा आमचा दागिनाच. मला उन्हाळा नको असतो तो त्यात चाललेल्या कत्तलीमुळे. वर्तकनगरात आमच्या इमारतीमागे बदामाचं झाड आहे. चैत्र लागला की त्यावर कावळे घरटी बांधतात, कोकिळा त्यात चोरून अंडी घालते आणि जमलं तर कावळ्याचं एखादं अंडं खाली लोटते. गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर फुटलेलं अंडं होतं, आत अर्धवट झालेला जीव, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. वॉचमन ते पुठ्ठ्याने खरवडत होता आणि वर झाडावर कोकिळ असा काही गात होता की तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू खिडकीत येऊन म्हणाल्या, "किती गोड ना!" संध्याकाळी येऊरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसते. तिच्यात काय काय जळत असेल ते मी जीवशास्त्राची शिक्षिका असल्यामुळे मला नावानिशी ठाऊक आहे.

परवा बारावीच्या सुट्टीतल्या वर्गाला मी नाळ शिकवत होते. हा धडा मी कधी घेत नाही. दरवर्षी तो दुसऱ्या बाई घेतात, आणि माझ्याकडे त्यांचा एक वनस्पतींचा धडा येतो. यंदा त्या स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे मला सुटका नव्हती. फळ्यावर दोन रोहिण्या काढल्या, एक नीला काढली, बाळाकडे काय जातं आणि बाळाकडून काय येतं त्याचे बाण काढले. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, पण एवढं परफेक्ट सगळं आपोआप कसं होईल? कोणीतरी बनवलंच असणार ना?"

हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या धड्याला येतो. दरवर्षी मी शांतपणे उत्तर देते, लाखो वर्षं, लहान लहान बदल, टिकलं ते टिकलं वगैरे. परवा काय झालं कोण जाणे.

"परफेक्ट?" मी डस्टर टेबलावर आपटलं. "हीच नाळ कधी पोराच्या गळ्याला आवळते. कधी तिलाच गाठ बसते आणि पोर पोटातच मरतं. विचार की तुझ्या बनवणाऱ्याला, गाठ का मारलीस म्हणून!"

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिचा काय दोष? राग माझ्या नाकावर असतोच, पण तो त्या पोरीवरचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यातला तो होता, आणि इतकी वर्षं त्याला मी झाकण लावून ठेवलं होतं.

तेव्हा मी डोंबिवलीजवळ कोपरला राहत होते, सासरी. सासऱ्यांची शेतं होती तिथे आता सात मजल्यांच्या इमारती आहेत, त्यातल्याच एकीत पहिल्या मजल्यावर आमचं घर. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. तरुणपणी ते मिठागरावर राबलेले. पायांच्या भेगांतून मीठ शिरून कातडी इतकी जाड झालेली की उन्हाळ्यात गच्चीवर अनवाणी फिरायचे. संध्याकाळी देवळात भजनाला बसायचे आणि भजनाच्या मध्ये दृष्टांत सांगायचे. गावात त्यांच्या दृष्टांतांना मान होता.

माझं माहेर वर्तकनगरच्या वसाहतीतलं. बाबा कारखान्यात फिटर. आमच्या घरी देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पण तिच्याकडे काही मागायचं नसतं हे आम्हा पोरांना बोलायला लागायच्या आधी कळलं होतं. बाबा म्हणायचे, "कोणी केलं असं विचारलंस की उत्तर लगेच मिळतं आणि डोकं चालायचं थांबतं. कसं झालं ते विचार." ते विचारत विचारत मी एम.एस्सी. झाले आणि कॉलेजातच भेटलेल्या प्रमोदशी लग्न करून देव्हाऱ्याच्या घरात आले. दोन्हीकडे थोडी आदळआपट झाली, मग थंडावली. आबांनी मला पहिल्या दिवसापासून "बाय" म्हटलं, म्हणजे लेक.

आबांचं आणि माझं भांडण हा त्या घरातला करमणुकीचा कार्यक्रम होता. ते बरणीतलं जाडं मीठ तळहातावर घ्यायचे. "बग गो बाय. हरेक दाना चौकोनी. कोनी कापला?"

मी सोडियम सांगायचे, क्लोरीन सांगायचे, त्यांचे कण कसे रांगेत बसतात ते वाटाणे मांडून दाखवायचे. आबा मन लावून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "मंग त्यांना रांगेन हुबं कोनी केलं?" पालथ्या घड्यावर पाणी. पण असा घडा मला आवडायचा. त्या घरात माझ्या विषयात मनापासून रस घेणारं ते एकच माणूस होतं.

त्या वर्षी मला चौथा महिना असताना देव्हाऱ्याच्या चौकटीवर कुंभारणीने घर बांधायला घेतलं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची, पिवळ्या-तपकिरी रंगाची गांधीलमाशी. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन येते, ती पसरते, पुन्हा जाते. नळाखालच्या चिखलापासून देव्हाऱ्यापर्यंत तिच्या दिवसभर खेपा, एक खोली बुजवली की तिला लागून दुसरी, असं महिनोन्महिने. मी झाडू उचलला तर सासूबाई धावत आल्या.

"हात नको लावू गो त्याला! कुंभारीन घर बांधतं म्हंजे घरान पालना हालनार. पोर होईस्तर मोडायचं नाय."

"आई, तिच्याआधी सोनोग्राफीवाल्यांनी सांगितलंय," मी म्हटलं. त्याही हसल्या. पण रोज देवपूजा झाली की त्या बोटाने हळद-कुंकू त्या मातीलाही लावायच्या. मला ते बघायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आपलं पोर येणार म्हणून कोणीतरी मातीच्या ढेकळालाही कुंकू लावतंय यात वाईट काय.

आबांच्या भजनात या माशीचं नाव भिंगुरटी. तिचा दृष्टांत त्यांचा सगळ्यात लाडका. भिंगुरटी अळीला उचलून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेर गुणगुणत बसते. आत अळी भीतीने तिचंच ध्यान करते, दुसरं काही तिला सुचत नाही, आणि ध्यान करता करता अळीचीच भिंगुरटी होऊन बाहेर पडते. तसं देवाचं ध्यान करावं, म्हणजे माणूसही देव होतो. शेकडो वर्षं हे लोक सांगत आले. घरातून बाहेर माशी पडते हे त्यांनी नीट पाहिलं होतं. आत काय चालतं ते कोणी फोडून पाहिलं नव्हतं.

"आबा, अळीची माशी होत नाही," मी एकदा सांगून टाकलं. "माशी आत अंडं घालते. अळी त्या पोराचं जेवण असते."

"तू बगलंस काय?"

"पुस्तकात आहे."

"माझं पन पोथीनच हाय," आबा म्हणाले, आणि सगळं घर त्यांच्या बाजूने हसलं.

वैशाखात एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. सहावा महिना संपत आला होता. आधी वाटलं झोपलं असेल. गोड खाल्लं, कुशीवर झोपून पाहिलं, पोटावर थापट्या मारल्या. दुपारी आम्ही कल्याणच्या दवाखान्यात होतो. जाताना रस्त्यावरचं डांबर उकळत होतं आणि पत्री पुलाजवळ आम्ही अर्धा तास अडकलो. प्रमोद हॉर्न वाजवत सुटला होता. मी मागच्या सीटवर होते आणि मला त्या हॉर्नवाल्या सगळ्या माणसांना एकेक करून मारावंसं वाटत होतं.

नाळेला गाठ बसली होती. पोर पोहतं, फिरतं, कधीतरी स्वतःच्याच नाळेच्या वेढ्यातून आरपार जातं आणि गाठ पडते, मग ती आवळते. डॉक्टर म्हणाल्या, "कोणाचीच चूक नाही. असं होतं कधीकधी."

मेलेलं पोरही जन्माला घालावंच लागतं, हे मला शिकताना माहीत होतं, सोसताना कळलं. शरीराला कोणी निरोप दिलेला नसतो. ते आपलं इमानेइतबारे कळा देत राहतं. चौदा तास दिल्या. मी पलंगाच्या लोखंडी दांडीवर डोकं आपटलं तेव्हा नर्सने माझे हात धरले. तिला मी चावले. मग सगळं एकदम शांत झालं आणि कोणीच रडलं नाही.

"मुलगी होती," नर्स म्हणाली. "बघायचंय का, ताई? नको बघू, त्रास होईल."

मी मान फिरवली.

हे वाक्य मी नऊ वर्षं कोणापाशी बोललेली नाही. वीस वर्षं कसकसली चित्रं फळ्यावर काढणारी मी, बेडूक फाडताना पोरांना "डोळे उघडे ठेवा" म्हणून ओरडणारी मी, माझ्या स्वतःच्या मुलीकडे मी पाहिलं नाही. प्रमोद बाहेर बाकावर बसून राहिला, त्याच्याने उठवेना. शेवटी आबा आत आले आणि आपल्या पांढऱ्या पंच्यात तिला गुंडाळून घेऊन गेले. एवढ्या लहान मुलांना आमच्यात जाळत नाहीत. खाडीकडे कुठेतरी त्यांनी तिला पुरलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. ब्लाऊज भिजला, चादर भिजली. निसर्ग किती शहाणा, किती हिशेबाने सगळं वेळेवर पुरवतो, असं सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी माझ्यासमोर आणून बसवायला हवं होतं. बाबा भेटायला आले. ते माझ्या पायाशी बसले. त्यांनी आयुष्यभर "कसं झालं" विचारायला शिकवलं होतं, आणि कसं झालं ते तर मला गाठीसकट पाठ होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते जमिनीकडे. त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. त्या एका दुपारी मला माझ्या बापाचा राग आला.

पाचव्या दिवशी घरी आले. सासूबाईंनी पाण्याचा पेला दिला, शेजारी बसल्या, बराच वेळ पदराशी चाळा केला आणि मग हळूच विचारलं, "झाडताना तू त्या घराला धक्का दिलास काय गो?"

त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त कारण हवं होतं, माझ्यासारखंच. पण ते जखमेवर मीठ होतं आणि मला जखमेशिवाय अंगच उरलं नव्हतं. मी उठले, स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि देव्हाऱ्याच्या चौकटीवर मारलं. तीन-चार घाव घातले. वाळलेली माती फुटून खाली पडली, समई आडवी झाली, तेल देवांच्या अंगावरून वाहिलं. सासूबाई ओरडल्या. मी त्याहून मोठ्याने ओरडले, "आबा! इकडे या! बघा तुमची भिंगुरटी!"

आबा आले. फरशीवर सात-आठ हिरव्या अळ्या पडल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या. हिरव्या, ताज्या, टवटवीत, आणि हलता न येणाऱ्या. एकीचं डोकं तेवढं अगदी हळू डावी-उजवीकडे होत होतं. दुसरीच्या पोटाला पिवळट, लुसलुशीत अळीसारखं पिल्लू चिकटलेलं होतं, कुंभारणीचं बाळ. त्याने तिला अर्धी खाल्ली होती. उरलेली अर्धी जिवंत होती.

"हे तुमचं ध्यान!" मी म्हणाले. "बघा ना नीट! डंख कुठे मारायचा ते हिला बरोब्बर माहीत आहे. मरू द्यायचं नाही, हलू द्यायचं नाही. बाळाला ताजं मांस पाहिजे ना! कोणी शिकवलं हिला? सांगा! मीठ चौकोनी कापणाऱ्यानेच ना? माझ्या पोरीच्या नाळेला गाठ मारणाराही तोच ना?"

आणि मी ते पिल्लू अंगठ्याने फरशीवर चिरडलं.

त्याच वेळी कुंभारीण खिडकीतून आत आली. तोंडात मातीची गोळी होती. चौकटीवर नुसता मातीचा डाग उरला होता, त्याच्याभोवती ती फिरली, बसली, उडाली, पुन्हा तिथेच बसली. सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या. माझा अंगठा ओला होता.

आबा गुडघ्यांवर बसले आणि एकेक अळी दोन बोटांनी उचलून तळहातावर घेतली. खाली इमारतीच्या आवारात त्यांनी एक लिंबाचं झाड राखलं होतं. तिथे जाऊन त्यांनी त्या अळ्या पानांवर ठेवल्या, बोट पाण्यात बुडवून एकेकीवर थेंब टाकला. मी मागोमाग गेले होते, अजून भांडायला. त्यांनी वळून विचारलं, "ह्यांना दुखत आसंल काय गो?"

ते आजही कोणाला नीट सांगता येत नाही. चार दिवस आबा सकाळ-संध्याकाळ त्या अळ्यांवर पाणी शिंपडत होते. मग त्या मुंग्यांनी नेल्या.

महिन्याभराने आम्ही ठाण्यात राहायला आलो, कॉलेज जवळ पडतं हे निमित्त करून. पुढे मूल झालं नाही. आबा भजनात दृष्टांत सांगेनासे झाले, नुसते टाळ घेऊन मागे बसतात, असं प्रमोदने एकदा सांगितलं. "आबांना काय झालंय कळत नाही," तो म्हणाला. मला कळत होतं. मी एका म्हाताऱ्या माणसाचा देव उलथण्याने फोडला होता.

आणि गंमत अशी की माझा बनवणाऱ्यावर विश्वास नव्हता, नाही. तरी नऊ वर्षं मी त्याच्याशी तावातावाने भांडतेय. मुंगळ्याला गोगलगाय फाडताना पाहिलं की मी मनात त्याला शिव्या देते. जो नाहीच त्याच्यावर माणसाचा इतका राग कसा असू शकतो? आणि तो आहे असं म्हणणारे आबा कधी कोणावर चिडले नाहीत. मिठाचा चौकोनी दाणा पाहून आबांना तो दिसतो, आणि अर्धी खाल्लेली अळी पाहून मला त्याची रिकामी खुर्ची दिसते. दोघेही एकाच जगाकडे बघतोय. जगाच्या अंगावर कारागिराची सही असती तर एकाला तरी ती वाचता आली असती असं वाटतं, आणि मग वाटतं, मला तरी वाचायची कुठे होती? मला तर जाब विचारायचा होता.

वर्गात डस्टर आपटलं त्याच आठवड्यातल्या रविवारी मी एकटीच कोपरला गेले. आबा गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ऐंशी उलटली आहे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, पाय मात्र अजून अनवाणी. मी त्यांच्या समोर खाली बसले.

"आबा, त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. ते घर फोडलं. माझ्यामुळे तुम्ही भजनात बोलायचं सोडलंत."

"कवाचं काय काढतंस," ते म्हणाले. मग खुर्चीत पुढे सरकून, "दिष्टांत खोटा निंगाला गो बाय. खोटा कसा सांगू? देव खोटा निंगाला नाय."

"कशावरून?" मी विचारलं. तो जुनाच खोडसाळ सूर माझ्या गळ्यातून कसा निघाला कोण जाणे.

आबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"तू कवा इचारलं नाय, म्हनून मी बोललू नाय," ते म्हणाले. "पोरीला मातीन ठेवताना पंचा सुटला. हात बाहेर आला. एवरासा." त्यांनी आपल्या करंगळीचं एक पेर दाखवलं. "त्याला नखं होती गो. दुसरा हात काढून बगला, त्याला पन होती. धाच्या धा. मी मोजली. एवरी बारीक नखं कोनी बसवली आसतील?"

नखं कोणत्या आठवड्यात येतात ते मला माहीत आहे. बोटं कशी होतात तेही. आधी हात नुसता एक चपटा तुकडा असतो, आणि मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. मरणानेच कोरलेली असतात ती. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी हे सगळं सांगितलं असतं.

"दोन्ही हातांची?" मी विचारलं.

"दोनी."

"आणखी काय होतं, आबा?"

"केस होते. काले. कानावर पन बारीक लव होती."

"आणि नाक?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "तुझं," ते म्हणाले.

नऊ वर्षांनंतर त्यांना नाक आठवत होतं, की माझ्याकडे बघून ते तिथल्या तिथे घडवत होते, मला सांगता येणार नाही. मी कपाळ विचारलं, ओठ विचारले, पायाची बोटं विचारली. आबा सांगत गेले. मी एकाचाही पुरावा मागितला नाही.